वाकळ वाळली की

पावसाळ्यात आमच्या कॉलनीतली माणसं वर बघत चालायची, हौसाक्का खाली बघत यायची. डोक्यावर धुण्याचं गाठोडं, दाताला मिसरी आणि नजर स्वतःच्या पायांशी. आमच्या फाटकापाशी आली की गाठोडं न उतरवताच थांबायची, जागच्या जागी एक गिरकी घ्यायची, पायाभोवतालची जमीन निरखायची आणि म्हणायची, "आज बी न्हाय."

मला वाटायचं, हिचं काहीतरी हरवलंय. दोनदा मी विचारलंसुद्धा, "हौसाक्का, जोडवं पडलं का?" तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात ढ मुलाकडे मी बघत असेन.

"सावली हुडकालोय, म्याडम. बारा दीस झालं, गावली न्हाय."

हौसाक्का आमची परटीण. कॉलनीच्या मागच्या भिंतीपासून ओढ्यापर्यंत एक लांबट मोकळी पट्टी होती. तिथे बांबू रोवून तिनं काथ्याच्या दुहेरी पिळाच्या दोऱ्या ताणल्या होत्या. पिळात कापडाचं टोक खोचायचं, चिमटे नकोत की काही नको. तीस घरांचं धुणं तिथे वाळायचं. खाली टाकळा, रुई आणि गुडघाभर गवत माजलेलं असायचं. कॉलनी झाली त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे होती, त्यामुळे कॉलनीनं तिला जागा दिली, की तिनं कॉलनीला, हा प्रश्नच होता.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. आज अडुसष्टाव्या वर्षी मागे वळून बघते, तर ती एक्कावन्न वर्षांची पोरगी मला भलतीच आगाऊ वाटते. शाळेत विज्ञान शिकवायची आणि 'शास्त्रीयदृष्ट्या' हा शब्द मिठासारखा सगळ्यात घालायची. चहा उकळला का, असं तिच्या नवऱ्यानं विचारलं तरी ती शास्त्रीयदृष्ट्या उत्तर द्यायची. बिचारा थंड चहा प्यायचा. आज कुठे भेटली तर कान धरीन तिचा.

त्या उन्हाळ्यात ती फुलपाखरांच्या दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आली. पहिला दिवस ओळखी करून घेण्यात आणि जेवणात गेला, दुसरा गटाचा फोटो काढण्यात. पण घरी आली ती तज्ज्ञ होऊन. अंगणात थाळीत साखरेचं पाणी ठेवलं, केळ्याच्या चकत्या मांडल्या, खुर्ची टाकली आणि कॅमेरा मांडीवर घेऊन बसली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मुंग्या आल्या, माश्या आल्या, शेजारची मांजर केळं हुंगून गेली.

नवव्या दिवशी हौसाक्का कपडे न्यायला आली. "कुणाची वाट बगालायसा?"

"फुलपाखरांची."

तिनं नाक वर करून वास घेतला. "आन् ह्यो वास कसला?"

"कढीपत्त्यावर अळ्या झाल्या होत्या. चांगलं झाड, नुसतं ओरबाडून खाल्लं मेल्यांनी. औषध मारलं."

हौसाक्कानं गाठोडं खाली ठेवलं. गाठोडं ती सहसा ठेवत नसे. कमरेवर हात दिले आणि म्हणाली, "म्हंजी लेकरं मारलीसा, आन् आता आईची वाट बगत बसलायसा व्हय?"

आमचे हे खिडकीत पेपर वाचत होते. पेपर बराच वेळ हलत राहिला.

अंडी, अळी, कोष, फुलपाखरू. हे चक्र मी तेवीस वर्षं रंगीत खडूंनी फळ्यावर काढत होते. बाणांसकट. पण फळ्यावरची अळी माझा कढीपत्ता खात नव्हती, म्हणून तिची आणि या काळ्यापांढऱ्या अळीची ओळख माझ्या डोक्यात कधी पटलीच नव्हती. शरमेनं मी कॅमेरा पदराखाली घेतला. हौसाक्का मात्र इतक्या सहज पुढच्या घराकडे निघाली, जणू तिनं मला सांगितलं होतं, की तुमच्या उशीचा अभ्रा उसवलाय.

त्यानंतर मी तिच्या पट्टीवर जायला लागले. आधी चोरून, मग उघड. हौसाक्काला लिहितावाचता येत नव्हतं, पण हवेचं जेवढं तिला कळे तेवढं कुणाला कळताना मी पाहिलं नाही. तिचं पोटच उन्हावर होतं. "पाऊस समदी मोजत्यात," ती म्हणायची. "सरकार मोजतंय, धरणवालं मोजत्यात, पेपरात छापून येतंय. उघडीप कोण मोजतंय सांगा बगू? धुणं काय पावसात वाळतंय?"

उघडीप मोजायची तिची मापं तीन. सकाळी घातलेली मलमल दुपारपर्यंत वाळली, तर तिच्या लेखी ती उघडीप नव्हेच. "मलमल काय, फुक मारली तरी वाळतीया." चादर वाळली, तर बरी उघडीप. आणि वाकळ, म्हणजे तिची जुन्या लुगड्यांची पाच पदरी गोधडी, सकाळी ओली घालून संध्याकाळच्या आत काठापर्यंत कोरडी झाली, तर ती खरी. "वाकळ वाळली की दुसऱ्या दिशी पावणं येत्यात," ती म्हणायची.

पावणं म्हणजे फुलपाखरं. पावसाळ्याच्या उतरणीला, पहिली सलग उघडीप पडली की तिच्या दोऱ्यांखालच्या ओल्या मातीवर पिवळी फुलपाखरं थव्यानं उतरत. कपड्यांतून निथळलेलं पाणी, त्यातला सोडा, त्यातलं घामाचं मीठ, सगळं त्या चिखलात मुरलेलं. फुलपाखरं त्यावर सोंड लावून बसत. "कष्टाचा घाम हाय," हौसाक्का म्हणायची, "त्येला चव असतीया. तुमच्या साकरंच्या पाण्याला कोण इचारतंय?"

आणि पोरं मोठी व्हायची ती टाकळ्यावर. ज्याला आपण तण म्हणतो, पहिल्या पावसात भाजी करतो आणि मग विसरतो, तोच. पानांखाली अंडी, मग हिरव्या अळ्या, मग काडीला टांगलेले हिरवे कोष. हौसाक्का धुणं घालताना टाकळा तुडवू नये म्हणून लुगडं वर खोचून, बगळ्यासारखी एकेक पाय उचलत चालायची.

एवढं सगळं ऐकूनही त्या एक्कावन्न वर्षांच्या विदुषीनं काय केलं असेल? तिनं कॉलनीच्या कमिटीला फुलपाखरू उद्यानाची योजना लिहून दिली. नकाशासकट. पट्टी स्वच्छ करायची, पेव्हिंग ब्लॉक बसवायचे, नर्सरीतून झेंडू, जर्बेरा, पेटुनिया आणायचे. माझ्या मनात सरळ होतं, की हौसाक्का म्हणते तशी फुलपाखरं तणात येत असतील, तर फुलांत किती येतील! नकाशाच्या कोपऱ्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'धुण्याच्या दोऱ्या इतरत्र हलवाव्यात.' इतरत्र म्हणजे कुठे, हे विचारायला मीटिंगमध्ये हौसाक्का नव्हती, आणि सांगायला मलाही येत नव्हतं.

चेअरमन जाधवसाहेबांना योजना फार आवडली. साहेब साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, बारमाही पांढऱ्या शर्टात. तो शर्ट हौसाक्काच्या हातचा. इस्त्री मोडेल म्हणून साहेब कुणाच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवत नसत. त्यांनी ठरवलं, अर्धी पट्टी आधी करायची, उद्घाटन करायचं, आणि मग उरलेली अर्धी, म्हणजे दोऱ्यांची, ताब्यात घ्यायची.

पहिल्या अर्ध्यातलं रान साफ झालं, ब्लॉक बसले, कुंड्या आल्या. पुढच्या रविवारी कमिटी पाहणीला गेली, तेव्हा हौसाक्का तिच्या बांबूला टेकून उभी होती. काखेत वाकळ.

"सायेब, तीस घरांचं धुणं मी वाळवू कुठं? डोस्क्यावर?"

"आक्का, नदीवर घाट आहे की."

"घाट हाय, पर माजं गुडघं कुठं हाईत? ओलं गाठोडं घिऊन त्या पायऱ्या चढायचं दीस गेलं माजं. ही जागा गेली की धंदा गेला. ह्या वयात दुसरा कोण देतोय?"

"अहो, पण इथे फुलपाखरं येणार आहेत," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले.

"येणार हाईत? आवं, ती हितंच असत्यात. तुमी यायच्या आदीपास्नं."

आता इथे माझ्या आयुष्यातलं सर्वांत लाजिरवाणं वाक्य येतं. मी चष्मा सावरून म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या, याला काही पुरावा?"

हौसाक्का रागावली नाही. तिनं काखेतली वाकळ काढली, दोरीवर पसरली आणि काठ माझ्यासमोर धरला. काठाला आडव्या ओळींत पिवळ्या दोऱ्याचे टाके होते. एक ओळ म्हणजे एक साल, एक टाका म्हणजे पावण्यांचा एक दिवस. लग्न होऊन सासरी आल्यापासूनचे.

"ही वळ भरून हाय बगा, ह्या साली पाऊस आन् ऊन आलटूनपालटून पडलं. ही तीनच टाक्यांची. त्या साली पावसानं मदीच दडी मारली, टाकळा वाळून गेला, बाळं उपाशी मेली. आन् ही मोकळी."

"मोकळी का?" मी विचारलं.

"पूर आलता. टाकळा हप्ताभर पाण्याखाली. त्या साली एक बी आलं न्हाय, मी रोज वाकळ घालून वाट बगितली. मला वाटलं, संपली. आन् पुढच्या सालची ही वळ बगा. गाळात टाकळा असा माजला, असा माजला, की टाकं मोजताना दोरा सरला."

मी काठावरून बोट फिरवलं. शाळेत मी मुलांना सांगत असे, की निरीक्षण करा, नोंद ठेवा. माझ्या स्वतःच्या नोंदवहीत त्या घडीला दोन पानं होती, आणि एकावर किराण्याची यादी. या बाईनं पाऊस, ऊन आणि फुलपाखरं यांचं अख्खं आयुष्यभराचं नातं पांघरुणावर शिवून ठेवलं होतं आणि रोज रात्री त्याखाली झोपत होती.

साहेबांनी घसा साफ केला. "छान आहे भरतकाम. पण ठराव झालाय."

"मग ठरवून टाकू," हौसाक्का म्हणाली. "अर्दं रान तुमचं, अर्दं माजं. पावणं तुमच्या फुलांवर उतरली, तर माज्या हातानं दोऱ्या सोडतो. माज्याकडं उतरली, तर परत ह्या दोऱ्यास्नी कुणी हात लावायचा न्हाय. बोला!"

कमिटीतली माणसं हसली. साहेबही हसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मान्य! उद्घाटनाच्या दिवशीच बघू."

"दीस वाकळ सांगंल."

"आक्का, कार्यक्रम वाकळीवर ठरत नसतो. प्रमुख पाहुण्यांच्या सवडीनं ठरतो."

श्रावणातली तारीख ठरली. त्या दिवशी असा पाऊस झाला, की प्रमुख पाहुण्यांनी गाडीची काच दोन बोटं खाली करून 'छान, छान' म्हटलं आणि गाडी तशीच वळवली. दुसरी तारीख ठरली. त्या दिवशी मांडवाच्या कापडात पाणी साठून ते बरोबर खजिनदारांवर ओतलं. मग पाहुण्यांनी निरोप पाठवला, की हवा उघडली म्हणजे कळवा. साहेबांना नाइलाजानं फाटकात उभं राहून विचारावं लागलं, "काय आक्का, कधी?"

हौसाक्कानं गिरकी घेतली, जमीन निरखली. "सावली न्हाय, सायेब."

पण ती वरवर बोलत होती तशी आतून निर्धास्त नव्हती. पश्चिमेला गगनबावड्याच्या अंगानं रोज अंधारून यायचं. मी आता तिच्याकडून शिकून, वहीत सावलीची नोंद ठेवायला लागले होते. एकोणीस दिवस मी एकच शब्द लिहिला, 'नाही'. पेटुनिया कुंड्यांत सडून गेली. झेंडू माना टाकून पडला. तीस घरांचं धुणं हौसाक्का स्वतःच्या दोन खोल्यांत चुलीच्या धगीवर वाळवत होती आणि कॉलनीभर सगळ्यांच्या कपड्यांना धुराचा वास येत होता.

एका दुपारी ती टाकळ्यात वाकून बसलेली दिसली. तिनं एक फांदी उलटी करून दाखवली. अळ्या काळ्या पडून लोंबत होत्या.

"झड लांबली की असं होतंय. ऊन न्हाय, की बुरशी धरतीया. निम्मी गेली बगा."

"आणि उरलेली?"

"उरल्याली कोषात गेल्यात. आता ती दम धरून बसत्यात. आपण बी धरायचा." मग ती हळूच म्हणाली, "म्याडम, ह्या साली मोकळी वळ आली तर?"

मी ती उलटी फांदी हळूच सरळ केली. मोकळी ओळ म्हणजे नुसती फुलपाखरं नव्हेत. मोकळी ओळ म्हणजे बांबू उपटलेले, दोऱ्या गुंडाळलेल्या, आणि साठीची बाई ओल्या गाठोड्यासकट घाटाच्या पायऱ्यांवर. आणि त्या कागदावर अक्षर माझं.

गौरी-गणपती झाले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले होते. अंगावर हौसाक्काच्या हातची, कडक खळ घातलेली सुती साडी. मागच्या बाजूनं घरघर ऐकू आली. जाऊन बघते, तर गवत कापायचं मशीन खांद्याला अडकवून एक माणूस हौसाक्काच्या अर्ध्याकडे निघालेला. माझ्याच योजनेत कलम होतं, की उद्घाटनापूर्वी पट्टीवरची सगळी रानटी झुडपं काढावीत, म्हणजे फोटो चांगले येतील.

"थांबा!" मी ओरडले. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी चपला काढल्या आणि टाकळ्याच्या पुढ्यात, ओल्या चिखलात फतकल मारून बसले.

त्यानं मशीन बंद केलं. "म्याडम, उठा की!"

"उठत नाही."

"आवं, कागदावर सही तुमचीच हाय!"

"ती सही करणारी बाई गेली. मी वेगळी आहे."

तो डोकं खाजवत साहेबांना फोन लावायला गेला. तेवढ्यात हौसाक्का आली. मला चिखलात बसलेली पाहून तिच्या डोळ्यांत पाणी येईल, असं मला उगाच वाटलं.

"आवं, माजी खळ!" ती किंचाळली. "काल राती बसून खळ घातली त्या साडीला! चिखलाचा डाग बसला तर काय माजा बा काढणार हाय?" मग तिनं मशीन पाहिलं, माझ्या मागचा उभा टाकळा पाहिला. लुगडं सावरून माझ्या शेजारी बसली. थोड्या वेळानं मला कोपरानं ढोसून म्हणाली, "पोरी, शाळंला उशीर हुतोय का गं?"

एक्कावन्नाव्या वर्षी मला कुणीतरी पोरी म्हटलं. शाळेला उशीर झाला, आणि मी हजेरीपत्रकात कारण लिहिलं, 'क्षेत्रभेट'.

टाकळा वाचला. त्यानंतर तीन दिवसांनी हौसाक्का फाटकात थांबली, गिरकी घेतली, आणि 'आज बी न्हाय' म्हणाली नाही. मी धावत बाहेर गेले. तिच्या पायाशी, पाण्यात पडलेल्या दुधासारखी फिकट, पण होती. सावली.

त्या दिवशी मलमल वाळली. दुसऱ्या दिवशी चादर. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं वाकळ भिजवून दोरीवर घातली, आणि कॉलनीत त्या दिवशी कुणाचं कामात लक्ष नव्हतं. बायका भाजी निवडायला मागच्या गच्चीवर बसल्या. दुपारी तीनला जाधवसाहेब स्वतः आले आणि वाकळीचं टोक चिमटीत धरून म्हणाले, "वाळलीय की."

"मदी वाळली. काठ वला हाय. लबाडी नको."

पश्चिमेला एक काळा ढग आला. हौसाक्का त्याच्याकडे अशी बघत होती, जसं दारात आलेल्या वसुलीवाल्याकडे बघावं. ढग रेंगाळला आणि शिरोळच्या दिशेला निघून गेला. पाच वाजता तिनं काठ गालाला लावून पाहिला. मग माझ्या गालाला लावला. कोरडा, उबदार, उन्हाच्या वासाचा.

"कळवा पावण्यास्नी," ती साहेबांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळे जमले. उद्यानाच्या अर्ध्यात फीत, नव्यानं आणलेल्या कुंड्या, आणि फोटोसाठी प्लायवूडचं माणसाएवढं फुलपाखरू. हौसाक्काच्या अर्ध्यात तीस घरांचं धुणं. एकही दोरी तिनं मोकळी ठेवली नव्हती. चादरी, शर्ट, परकर, आमच्या ह्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. सगळं निथळत होतं आणि खालची माती चकाकत होती.

साडेदहा वाजले. कुंड्यांवर काही नाही. चिखलावरही काही नाही. भादव्यातलं ऊन भाजायला लागलं. प्रमुख पाहुणे घड्याळ बघू लागले. साहेब पहिल्यांदाच इतका वेळ उन्हात उभे होते, त्यांच्या कॉलरची इस्त्री विरघळत होती. कुणीतरी म्हणालं, "राहू दे आता, फीत कापून घेऊ."

हौसाक्का दोऱ्यांमध्ये उभी होती, ओठ हलवत. देवाचं नाव घेतेय असं मला वाटलं. जवळ गेले तर ती म्हणत होती, "उटा गं बायांनो, उटा. वाळली वाकळ."

मग टाकळ्यातून एक पिवळा ठिपका उठला. वाकडातिकडा उडत आला आणि आमच्या ह्यांच्या पायजम्याखालच्या चिखलावर बसला. पंख मिटले. दुसरं आलं. तिसरं. आणि मग मोजायची सोय राहिली नाही. टाकळ्याच्या काडीकाडीवरून, रुईवरून, ओढ्याच्या काठावरून ती उठायला लागली, लिंबाच्या रंगाची, हळदीच्या रंगाची, पांढुरकी. चादरींच्या मधून वाहात आली. चिखल पिवळा झाला. कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा थवा एकदम उसळून डोक्यावर आला, मुलं किंचाळली, आणि थवा पुन्हा तिथेच उतरला. प्लायवूडच्या फुलपाखराकडे एकानंही ढुंकून पाहिलं नाही.

प्रमुख पाहुण्यांच्या हातात कात्री तशीच होती. हौसाक्कानं चादर बाजूला सारून हाक मारली, "पावणं, तितं काय करतासा? हिकडं या की! पर पाय बगून टाका."

आणि पाहुणे फितीखालून वाकून चक्क तिकडे गेले. त्यांच्यामागे अख्खी कॉलनी. मागे राहिले एकटे जाधवसाहेब. शेवटी तेही आले, घामानं निथळत. ते दोरीखाली उभे राहिले आणि एक पिवळं फुलपाखरू भिरभिरत येऊन त्यांच्या मानेवर बसलं. साहेबांनी श्वास रोखला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जे त्या इस्त्रीखाली आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"आक्का," ते ओठ न हलवता पुटपुटले, "माझ्यावर कसं काय बसलं हे?"

"घामाला आलंय, सायेब," हौसाक्का म्हणाली. "आज पयल्यांदा गाळलासा."

सगळी कॉलनी हसली, आणि खरं सांगते, सर्वांत मोठ्यानं साहेब हसले. तेवढ्यानं फुलपाखरू उडालं. त्यांनी तिथेच, पाहुण्यांदेखत सांगितलं, की ठराव रद्द, दोऱ्यांना कुणी हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या अर्ध्यातले ब्लॉक उचलले गेले. ते काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथेही टाकळा उगवला. उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळीच हौसाक्कानं वाकळीच्या काठात पिवळा टाका घातला. सुईत दोरा ओवून मी दिला. तेवढी शास्त्रीय मदत मला जमण्यासारखी होती.

हौसाक्का पुढे अकरा वर्षं त्याच दोऱ्यांवर धुणं वाळवत राहिली. गेली ती आश्विनातल्या एका लखलखीत दुपारी, बांबूला टेकून बसल्या बसल्या. सकाळीच तिनं त्या सालचा शेवटचा टाका घातला होता. जायच्या आधल्या वर्षीच वाकळ तिनं माझ्या हवाली केली होती, दिवसा मला आणि रात्री तिला, अशा बोलीवर. "तुमाला शिवाय येत न्हाय, ठाऊक हाय," ती म्हणाली होती. "वाकडं घाला, पर घाला. मोकळी वळ आली तरी ती सोडायची न्हाय. मोकळी बी नोंदच की."

माझे टाके वाकडेच पडतात. मधल्या पुराच्या साली मी ओळ मोकळी सोडली, आणि पुढच्या साली माझाही दोरा सरला.

यंदा झड लांबली. माझी नात रेवा मोबाइलमध्ये बघून रोज सांगायची, "आजी, उद्याही ऐंशी टक्के पाऊस." मी फाटकात जाऊन गिरकी घ्यायचे. शेजारपाजारच्या नव्या बिऱ्हाडांना वाटतं, म्हातारीचं काहीतरी हरवलंय. परवा मोबाइल पाऊस सांगत असताना वाकळ काठापर्यंत वाळली. मी कॉलनीच्या ग्रुपवर दोन शब्द टाकले, 'वाकळ वाळली.' बाकी काही लिहावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी घराघरांतून धुणं बाहेर येतं, सगळ्या वॉशिंग मशीनना सुट्टी, आणि ते पिळून न काढता तसंच निथळतं हौसाक्काच्या दोऱ्यांवर खोचलं जातं.

काल सकाळी रेवा मला हात धरून घेऊन गेली. सगळे आले होते. जाधवसाहेब आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, चेअरमनपण केव्हाच सुटलं, पण या दिवशी चिखलावर पाणी शिंपायचा मान त्यांचा. हातात बादली, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. दहा वाजून गेले होते आणि अजून एकही ठिपका उठला नव्हता.

"म्याडम," ते बादली खाली ठेवून म्हणाले, "एवढं पाणी पुरे का?"

मी कमरेवर हात दिले.

"पाणी पुरं झालं, सायेब. घाम गाळा."

रेवा खो खो हसली, साहेबांनी बादली पुन्हा उचलली, आणि त्यांच्या पायाजवळच्या टाकळ्यातून पहिलं पिवळं उठलं.